रापणीचा दिवस आणि टोपलीतला बर्फ

बेळगाव-खानापूरकडच्या आपल्या बऱ्याच घरांत शुक्रवारी बांगडा शिजतो. तो गोव्याहून चोर्ल्याच्या घाटाने येतो, नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याहून आंबोलीच्या घाटाने, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण पाण्यातून निघाल्यापासून आपल्या तव्यावर पडेपर्यंत त्याचे काय होते, याचा विचार शेतकरी माणूस सहसा करीत नाही. कोथिंबीर सुकली तर ती हातात घेताच कळते. मासळीचे नेहमीच तसे नसते. म्हणून मालवण बंदरात आम्ही पाहिलेल्या मासेमारीच्या एका दिवसाची हकीकत येथे देत आहोत.

मालवणच्या किनाऱ्यावरून समोरच समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली तो बांधावयास घेतला. त्याच्याइतकीच पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे या किनाऱ्यावरची रापण. पहाटे जाणती माणसे वाळूवर उभी राहून पाण्याकडे पाहत असतात. पाण्याचा बदललेला रंग, वर घिरट्या घालणारे पक्षी यांवरून मासळीचा थवा कोठे आहे ते त्यांना समजते. मग जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, जाळे सोडीत सोडीत मोठा अर्धगोल घेते आणि दुसरे टोक बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणून देते. त्यानंतर खरे कष्ट. दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. चाळीस-पन्नास माणसे तर सहज. तास-दोन तास ओढून झाले की दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात आणि शेवटी जाळ्याची खोळ उथळ पाण्यात खळबळू लागते.

मिळालेल्या मासळीचे पैसे वाटून घेण्याची जुनी रीत आहे. खर्च वजा जाता जाळ्याचा व होडीचा वाटा वेगळा निघतो, बाकीचे ओढणाऱ्यांचे. आपल्याकडे पैऱ्याने भाताची लावणी करतात त्याची आठवण झाली. फरक एवढाच की लावलेल्या शेतात रोप तरी दिसते. रापण दोन-दोनदा रिकामी आली तरी तिसऱ्यांदा दोर धरावाच लागतो.

वाळूवर बसून मासळी निवडणारी माणसे पाहिली की मत्तयच्या शुभवर्तमानातील जाळ्याचा दाखला डोळ्यांपुढे उभा राहतो. चांगले ते टोपलीत, टाकाऊ ते बाहेर. बांगडे, तारले, सौंदाळे, लेपे वेगळे होतात आणि जेलीफिश फेकले जातात. प्रभूने हा दाखला ज्यांना सांगितला ते लोक हे काम रोज करीत होते, हे आपण घाटावरचे लोक विसरतो.

रापणकारांचे दिवस पूर्वीसारखे राहिले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीनची मोठी जाळी आली तेव्हा किनाऱ्याजवळची मासळी रापणीपर्यंत पोहोचेनाशी झाली. १९७० नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी मोठे आंदोलन केले. त्यांत आपले ख्रिस्ती बांधव मोठ्या संख्येने होते. त्यातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, व महाराष्ट्रात १९८१ साली. जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते ती मासळीच्या विणीसाठी. बियाण्याचे भात कोणी दळून खात नाही, तशातलीच ही गोष्ट. तरी लहान मासळी सर्रास पकडली जाते आणि खतासाठी किंवा कोंबड्यांच्या खाद्यासाठी जाते. आम्हांला ते पटत नाही.

आता बर्फाविषयी. सायंकाळी बंदरावर लिलाव झाला की टोपल्या टेम्पोत चढतात. जाणता व्यापारी तळाला बर्फाचा भुगा, मग मासळी, वर पुन्हा बर्फ असे थर देतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत किलोभर मासळीला जवळजवळ किलोभर बर्फ लागतो. बर्फ महाग, म्हणून काटकसर होते, आणि तीच घातक ठरते. बांगडा, तारले, कुपा या मासळीला थंडावा मिळाला नाही तर तिच्यातील जंतू काही तासांतच हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार करतात. ते एकदा तयार झाले की तळून, उकळून, खारवून किंवा वाळवून जात नाही. शिवाय अशी मासळी दिसावयास कधी कधी चांगलीही असते.

जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनच्या संशयावरून बाहेरच्या मासळीची आयात काही दिवस बंद झाली होती. ते सर्वांच्या लक्षात राहिले. बर्फाच्या अभावी होणाऱ्या विषबाधेबद्दल मात्र कोणी बोलत नाही. लोक तिला ‘बांगडा बाधला’ म्हणतात आणि सोडून देतात.

जेवल्यावर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, जीभ चुरचुरते, छाती धडधडते, कधी उलटी-जुलाब होतात. एकाच पातेल्यातले खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर मासळीच दोषी समजावी. बहुधा दिवसभरात उतार पडतो, तरी डॉक्टरांना दाखवून ॲलर्जीवरचे औषध घ्यावे. श्वास लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. दम्याच्या व हृदयाच्या रोग्यांची अधिक काळजी घ्यावी.

बाजारात डोळे चमकदार, कल्ले लाल आणि दाबल्यावर उसळणारे मांस पाहावेच, पण मासळी बर्फात होती की नुसती ओल्या गोणपाटाखाली, हे आधी पाहावे. बाजारहाट करताना मासळी सर्वांत शेवटी घ्यावी. मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून उन्हातून दहा मैल आणण्यापेक्षा झाकणाच्या डब्यात बर्फ घालून आणावी. मीठ-हळद लावून संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवण्याची आपल्या घरांतील सवय मोडली पाहिजे. त्याने हिस्टामिन थांबत नाही. फ्रीज नसेल तर आणल्या आणल्या साफ करून शिजवावी. सुके बांगडे घेताना ते कोरडे, बुरशी नसलेले घ्यावेत, आणि रक्तदाब असलेल्यांनी सुकी खारी मासळी टाळलेलीच बरी.