दहा बाय दहाच्या खोलीत मावणारी होडी

पहिली कयाक घ्यायची म्हटलं की माणूस आधी पाण्याचा विचार करतो. सुरतच्या लिंबायतमध्ये राहणाऱ्याने आधी जिन्याचा करावा. दहा फूट लांब, वीस-बावीस किलोची होडी अरुंद बोळातून आत आली, तरी जिन्याच्या वळणावर अडकणार. त्यातून ती वर पोहोचलीच, तर घरातल्यांनी झोपायचं कुठे?

टणक प्लास्टिकच्या कयाकमध्ये तसा दोष काही नाही. छतावरची पाण्याची टाकी बनते तशीच ती बनते: पॉलिइथिलिनची भुकटी साच्यात घालून साचा तापवत गोल फिरवायचा, की भिंतींवर सारखा थर बसतो. खडकावर आपटली तरी सहज फुटत नाही. अंगण असेल किंवा चार मित्रांना मिळून एखाद्या शेडमध्ये ठेवता येत असेल, तर जुनी, वापरलेली अशी कयाक हा सगळ्यात शहाणपणाचा सौदा. नसेल तर हवा भरायची कयाक पाहावी. तिच्याकडे खेळणं म्हणून बघू नये.

विकत घेताना लांबी आणि रुंदी ही दोन मापं महत्त्वाची. लांबीवर वेग ठरतो. पाण्यात नऊ फूट लांबीची होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या कचाट्यात ताशी साधारण साडेसात किलोमीटरला सापडते, सोळा फुटांची दहाच्या आसपास. पण नवशिका वल्हवतो ताशी चार-पाचने. मग लांब होडीच्या जास्तीच्या वेगाचे पैसे त्याने का मोजावेत? रुंदीची गोष्ट वेगळी. होडी कलली की बुडालेल्या बाजूचं पाणी तिला परत वर ढकलतं आणि हा आधार रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी 60 सेंटिमीटरवरून 75 केली, तर सुरुवातीचा हा आधार जवळजवळ दुप्पट होतो. पहिल्या होडीला 75 तरी हवेतच. आखूड, रुंद होडी सरळ जायला कुरकुरते, म्हणून तळाशी मागच्या टोकाला स्केग नावाचा छोटा पंख असलेली घ्यावी. वजनाचा हिशोब आर्किमिडीजचा: माणूस, होडी आणि सामान मिळून शंभर किलो असतील, तर शंभर लिटर पाणी बाजूला सरलं पाहिजे. विक्रेता जी कमाल क्षमता सांगतो, तिच्या दोन तृतीयांशावर थांबलेलं बरं.

आता हवेच्या होडीचा तळ. स्वस्त होडीचा तळ नुसता फुगा असतो. माणूस बसला की मध्ये दबतो आणि होडी पाणी ओढत चालते. चांगल्या होडीत ‘ड्रॉप-स्टिच’ कापडाचा सपाट, कडक तळ असतो, आणि त्याची युक्ती लूमवर आयुष्य काढलेल्या लिंबायतच्या कारागिराला समजवावी लागणार नाही. मखमल विणण्याच्या एका पद्धतीत दोन कापडं समोरासमोर एकाच वेळी विणतात आणि लवेचे धागे त्यांच्या मधून ये-जा करत दोन्हींना जोडत जातात. मग मधोमध पातं फिरतं आणि मखमलीचे दोन तागे सुटे होतात. ते पातं फिरवलंच नाही, मधले धागे लांब ठेवले आणि बाहेरून पीव्हीसीचा हवाबंद थर दिला, की झालं ड्रॉप-स्टिच. आत सात पीएसआय दाबाने हवा भरली, की दर चौरस मीटरला जवळपास पाच टनांचा जोर दोन्ही कापडांना एकमेकांपासून दूर ढकलतो. पॉलिएस्टरचे हजारो धागे तो जोर पेलतात, म्हणून तळ फुगत नाही, फळीसारखा ताठ राहतो. 1956 साली अमेरिकेतल्या गुडइयर कंपनीने याच तत्त्वाच्या कापडाचं फुगवता येणारं विमान उडवून दाखवलं होतं! सगळी होडी या कापडाची घेतली तर महाग पडते. तळ ड्रॉप-स्टिचचा आणि बाजू साध्या नळ्यांच्या, ही तडजोड मला पटते.

एक सावधगिरी मात्र सुरतच्या उन्हाची. सकाळी 27 अंशांना सात पीएसआय भरून होडी काठावर तापत ठेवली आणि आतली हवा 57 अंशांवर गेली, तर दाब नऊच्या वर जातो. त्याने शिवणीवर नाहक ताण येतो. होडी पाण्यात उतरवताना हवा पूर्ण भरा, बाहेर काढल्यावर थोडी सोडा.

उतरायचं कुठे? तापी दाराशी आहे खरी, पण सुरतची तापी नवशिक्याची नाही. सिंगणपोरच्या कॉजवेच्या खालच्या अंगाला भरती-ओहोटी चालते, वरच्या अंगाला शहराचं पिण्याचं पाणी आणि जलपर्णी, पावसाळ्यात उकाई धरणातून सुटलेलं पाणी. कॉजवेवरून पाणी पडू लागलं की त्याच्या पायथ्याशी उलटा फिरणारा भोवरा तयार होतो, तरंगती वस्तू पुन्हा पुन्हा धारेखाली ओढतो, आणि हवेने फेसाळलेलं पाणी हलकं झाल्यामुळे नीट तरंगवतही नाही. मिठी खाडीचा पूर लिंबायतमध्ये शिरतो तेव्हाही होडी बाहेर काढायचा मोह आवरावा. त्या पाण्याखाली उघडी गटारं आणि विजेच्या तारा असतात. त्यापेक्षा होडीची पंधरा किलोची घडी पिशवीत भरून उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसावं. आपल्या मूळ गावाजवळच्या लहान धरणावर पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन, पोहता येणाऱ्या सोबत्याबरोबर, सकाळी वारा पडलेला असताना शिकावं.

आणि पैसे कमी पडले तर होडी साधी घ्या, जॅकेटवर काटकसर नको. किमान 50 न्यूटनचं, म्हणजे सुमारे पाच किलो वजन तोलून धरणारं, बंद पट्ट्यांचं घ्या. पोहता येत नसेल तर त्याहून जास्त क्षमतेचं. दुकानातच ते घालून पट्ट्या आवळा आणि सोबत्याला खांद्यांजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर एक माप लहान मागा.