एकशेवीस बाय ऐंशी

शनिवारची सकाळची शाळा सुटली की चौसाळ्यातली अकरावी सायन्सची बावीस मुलं दीड तास माझ्यासाठी थांबतात. बत्तीस वर्षं नर्सिंग करून मी गावाकडं परतले, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "सिस्टर, पोरांना दवाखान्याचं काहीतरी शिकवा." पहिल्या दिवशी मी विचारलं, कुणाला काय व्हायचंय? अठरा हात डॉक्टरसाठी वर गेले. नर्ससाठी एकही नाही, तेही माझ्यासमोर बसून.

दुसऱ्या शनिवारी बीपीची दोन मशीनं काढली, घड्याळासारख्या डायलची. शाळेच्या बाकांना पाठ नाही, म्हणून ज्याचं बीपी घ्यायचं त्याला भिंतीला टेकवून बसवलं. तासाभरानं वह्या पाहिल्या, तर सतरा वह्यांत १२०/८०. अगदी पुस्तकातला आकडा. एकानं जरा हुशारीनं १२५/८५ लिहिलं होतं. त्याला डायल दाखवली. तिच्यावर रेघा दोन-दोनच्या. १२४ आहे, १२६ आहे. मग हे १२५ कुठून आणलंस? पोरगं हसलं आणि खाली बघायला लागलं.

एक मुलगी मात्र पेन घेऊन तशीच बसलेली. म्हणाली, "सिस्टर, काहीच ऐकू येईना."

"मग तेच लिही."

"असं कसं लिहायचं? मार्क जातेत की."

त्या दिवसापासून माझा अभ्यासक्रम बदलला. ऐकू येत नव्हतं, त्याला कारण होतं. स्टेथोस्कोपची टोकं तिनं उलटी घातली होती. ती नाकाच्या दिशेनं, पुढं वळलेली असावी लागतात. शिवाय आमचं गाव सोलापूर-धुळे महामार्गावर. ट्रक गेला की खिडकीचे गज वाजतात, तिथं कोपराच्या वळणातली ती बारीक टकटक कशी ऐकू येणार? कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जननं १९०५ साली हे आवाज सांगितले. दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजायची सोय त्याआधी, १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी करून ठेवली होती, पण त्यांना नाडी बोटानंच चाचपावी लागे. मी मुलांना त्याच क्रमानं नेते. आधी बोटं. मनगटाची नाडी धरायची, पट्टा फुगवत जायचं, नाडी कुठं हरवते ते पाहायचं. मग त्याच्यावर तीस अंक चढवायचे आणि हवा सोडायची, सेकंदाला दोन-तीन अंक, यापेक्षा घाई नाही. पहिली टकटक वरचा आकडा, आवाज बंद झाला की खालचा. दोघांना एकदम ऐकता येईल असा जोड-स्टेथोस्कोप माझ्याकडं आहे. मुलगा "आता!" म्हणाला आणि मला काहीच ऐकू आलेलं नसलं, की मी नुसती बघते. त्याला कळतं.

खोट्या आकड्याबद्दल मी कुणाला रागावत नाही. ते पाप मीही केलंय. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी पहाटे चाळीस खाटांचा टीपीआर माझ्याकडं असायचा, ताप, नाडी, श्वास. सगळ्यांचे श्वास मी मिनिटाला २० लिहायची; मोजतंय कोण? एकदा इनचार्ज सिस्टरनं तक्ता माझ्यापुढं धरला आणि खाटेकडं बोट दाखवलं. खाट रिकामी. पेशंटला नातेवाईक एक्स-रेला घेऊन गेले होते. तो नसताना मी त्याची नाडी ८० लिहून मोकळी झाले होते. ही गोष्ट मी वर्गात सांगते. मुलं खूप हसतात.

मग दुसरी सांगते, तेव्हा हसत नाहीत. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळं पोटुशी बाईही निघते. निघण्याआधी कुणीतरी तिचं बीपी घेतं. ते १४०/९०च्या वर असेल तर तिला थांबवायला हवं, कारण पुढं झटके येऊ शकतात. आणि घेणाऱ्यानं अंदाजानं १२०/८० लिहिलं, तर ती गाडीत बसते. या वर्गातल्या सात जणांचे आईबाप दरवर्षी जातात.

करिअरचं म्हणाल तर तेही सांगते, पण थोडक्यात. बारावीनंतर एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार, लॅबकडं जायचं तर डीएमएलटी. एक वडील मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "सिस्टर, नर्सचं कशाला डोक्यात भरवता? आम्ही त्याला लातूरला घालणार." घाला की. मेडिकलच्या नीट परीक्षेचे १८० प्रश्न आणि ७२० गुण, त्यासाठी लातूरसारखं गाव नाही. फक्त त्यातल्या एकाही प्रश्नाला कुणाच्या दंडाला हात लावावा लागत नाही, आणि हात लावण्याआधी "लावू का?" असं विचारावंही लागत नाही. माझ्या वर्गात ते न विचारता पट्टा बांधला तर मी सोडायला लावते. आणि हे हाताचं काम शिकायला डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. जामखेड इथून फार लांब नाही. तिथं १९७० साली काम सुरू करून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं खेड्यातल्या अक्षरशत्रू बायांना बाळंतपण आणि जुलाबाचे उपचार शिकवले, त्यांच्या हातावर विश्वास ठेवला. पुढं १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमची पोरं तर केमिस्ट्रीची समीकरणं सोडवतात.

गेल्या महिन्यात "ऐकू येईना" म्हणणारी ती मुलगी एक मशीन घरी घेऊन गेली. आईबाप कर्नाटकात, घरी आजी. शनिवारी वही आणली.

"आजी. सकाळी साडेसात. डावा हात. पाच मिनिटं बसवलं, पण आजी बोलत होती. पहिल्यांदा ऐकू आलं नाही, ट्रक गेला. दुसऱ्यांदा १६४/९८. मधे थांबून तिसऱ्यांदा १५८/९६."

खाली लिहिलेलं, आजीला सरकारी दवाखान्यात नेलं, गोळी सुरू झाली.

मी विचारलं, "हे ९८ ऐकलंस का धरून चाललीस?"

"ऐकलं, सिस्टर. ९६ का ९८ नक्की कळंना, म्हणून तर परत घेतलं."