वर्दी कधी उतरवायची? आधी हिशोब, मग उड्डाण!

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून अलायन्स एअरचे प्रवासी विमान उतरले आणि अख्ख्या जिल्ह्याला आनंद झाला. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, एअर इंडियाने याच बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण शाळा काढण्याची घोषणा केली होती. ३४ प्रशिक्षण विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक, अशी ती योजना. तिकडे अकोल्याच्या शिवणी विमानतळाची १,४०० मीटरची धावपट्टी वाढवण्याचे काम कृषी विद्यापीठाच्या जमिनीच्या प्रश्नात वर्षानुवर्षे रखडले. तरीही 'पायलट' हा शब्द आता वऱ्हाडातल्या चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागला आहे. आपल्या वस्त्यांमधली पोरेपोरीही तो उच्चारू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु या शब्दामागे जो हिशोब आहे, तो आपल्या समाजाला कोणी समजावून सांगत नाही. म्हणून आज आम्ही तो मांडणार आहोत.

निमित्त एका बापाचे. महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अकोला जिल्ह्यातले, आता अमरावतीला स्थायिक झालेले एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात कोर्टात आमच्या टेबलाशी आले. जय भीम झाला, खुर्चीवर बसले आणि एकदम म्हणाले, "वकीलसाहेब, पोराले समजावून सांगा. तीन सालासाठी पेन्शन सोडून राह्यला."

मुलगा हवाई दलात विंग कमांडर, वाहतूक विमानाचा वैमानिक. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून गेलेला, म्हणजे कायम कमिशन. नोकरी सतरा वर्षे. एका विमान कंपनीकडून त्याला विचारणा झाली होती आणि त्याच्या मनाने घेतले होते की आताच बाहेर पडायचे. बापाच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. आम्ही म्हणालो, "सुभेदारसाहेब, तो काही लहान नाही. विचार करूनच म्हणत असेल." त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी बाहेर आलो तेव्हा माह्या हाती पेन्शन होती म्हणून घर चाललं. नोकरी भेटली ते बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राह्याची. पेन्शन नसती तं पोट्टं शिकलं असतं का?"

या एका प्रश्नात आपल्या समाजाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. खुद्द रामजी सुभेदार सैन्यातून निवृत्त झाले, तेव्हा पेन्शन असूनही त्यांना साताऱ्याला स्टोअरकीपरची दुसरी नोकरी धरावी लागली होती. त्याच सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ते दार पुन्हा नीट उघडायला १९४१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सैन्यातली नोकरी आणि तिचे पेन्शन हीच आपल्या कित्येक घरांची पहिली मालमत्ता होती. ज्याच्याकडे शेत आहे, वाडा आहे, त्याला पेन्शन म्हणजे वरकमाई. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्यासाठी पेन्शन हीच शेतजमीन!

परंतु म्हणून मुलगा चुकत होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याचाही हिशोब खरा होता. विमान कंपनीत कोण आधी कॅप्टन होणार, हे बहुतांशी ज्येष्ठता यादीवर ठरते आणि ती यादी कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेपासून चालते. हवाई दलात तुम्ही कितीही मोठे अधिकारी असा, कंपनीच्या यादीत तुमचा नंबर शेवटचा. भारतात प्रवासी विमान उडवण्याची कमाल वयोमर्यादा ६५ वर्षे आहे. म्हणजे अडतिसाव्या वर्षी गेलेल्याला सत्तावीस वर्षे मिळतात, पन्नाशीनंतर गेलेल्याला पंधराही मिळत नाहीत. उलट हवाई दलात त्याच हुद्द्यावर राहिले तर पन्नाशीच्या मध्यावर निवृत्ती ठरलेली. त्यातही वरच्या हुद्द्याचा अधिकारी उडतो कमी आणि फायली जास्त पाहतो. कंपनी विचारते ते उड्डाणाचे तास आणि अलीकडचा सराव. हे सगळे पाहून जवान वैमानिकाचा जीव वरखाली होणार नाही तर काय?

मग कायदा काय सांगतो? अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळायला साधारणपणे वीस वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर गेलेल्या वैमानिकाची सेवा चौदा वर्षांची. त्याला उपदान मिळते, निवृत्तिवेतन नाही. म्हणजे बाहेर कधी पडायचे, याचा अर्धा निर्णय आत शिरताना फॉर्म भरतो त्याच दिवशी झालेला असतो! आपल्या किती पालकांना हा फरक माहीत आहे? 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' लागू करणाऱ्या नोव्हेंबर २०१५ च्या सरकारी आदेशात तर यापुढे स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी सेवा सोडणाऱ्यांना त्या लाभातून वगळले होते. त्यावरचे वाद सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत गेले. म्हणून ज्या दिवशी अर्ज कराल, त्या दिवशीचा नियम वाचूनच सही करा, एवढेच आमचे सांगणे.

दुसरी गोष्ट. हवाई दल सोडणे हा हक्क नाही, ती परवानगी आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने आपल्याला व्यवसायस्वातंत्र्य दिले, परंतु अनुच्छेद ३३ ने सशस्त्र दलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला दिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वायुसैनिकाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले, की सेवेची मुदत चालू असताना मनात आले म्हणून बाहेर पडण्याचा बिनशर्त हक्क हवाई दलातल्या माणसाला नाही. तो वैमानिक नव्हता, त्याने बँकेतल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. परंतु तत्त्व तेच. कंपनीचे पत्र हातात आहे म्हणजे आपण मोकळे झालो, या भ्रमात कोणी राहू नये. आधी परवानगी, मग राजीनामा, मग रुजू होणे. हा क्रम उलटा झाला की माणूस दोन्हीकडून जातो.

तिसरी गोष्ट परवान्याची. लढाऊ विमान उडवणाऱ्याला प्रवासी विमानाचा परवाना आपोआप मिळत नाही. लष्करी तास हिशोबात धरले जातात, परंतु नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा चुकत नाहीत. वरच्या दर्जाच्या परवान्याला १,५०० तास लागतात. वाहतूक विमानाच्या वैमानिकाकडे हे तास लवकर साठतात, लढाऊ विमानावरच्याचे हळू साठतात आणि हेलिकॉप्टरवाल्याला तर विमानाचा परवाना जवळजवळ नव्याने मिळवावा लागतो. शिवाय एअरबस असो की एटीआर, प्रत्येक प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण असते आणि त्याचा खर्च काही लाखांत जातो. तो कोण करणार, कंपनी की आपण, आणि कंपनीने केला तर किती वर्षांचा करार लिहून घेणार, हे आधी विचारावे. नागरी क्षेत्रातही बंधन आहेच. २०१७ च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, असे ठरवले.

आणि कंपनी टिकेल याची हमी कोण देणार? २००३ नंतर नव्या विमान कंपन्यांची लाट आली, तेव्हा हवाई दलातून बाहेर पडण्यासाठी रांग लागली होती. पुढे किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. पगार थकले, घरांचे हप्ते थकले. त्या दिवसांत ज्या माजी वैमानिकांच्या खात्यात दर महिन्याला निवृत्तिवेतन जमा होत होते, त्यांच्या घरची चूल पेटत राहिली. ज्यांनी सोळा-सतरा वर्षांवर उडी मारली होती, त्यांच्याकडे काय होते? डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना इंडिगोचे वेळापत्रक कोसळले आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकाची मागणी किती आहे आणि कंपन्या त्याच्याकडून किती काम काढून घेऊ पाहतात, या दोन्ही गोष्टी त्यातून दिसल्या.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. विंग कमांडर कंपनीत जातो तेव्हा उजव्या खुर्चीत बसतो. डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी असू शकते. तिचा हुकूम मानायची तयारी आहे का? आणि पुढे स्वतः कॅप्टन झाल्यावर शेजारच्या कनिष्ठाचे ऐकायची तयारी आहे का? ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून कोसळले. १९० जणांपैकी २१ जण गेले. त्यात दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातले नावाजलेले चाचणी वैमानिक. त्यांचे आईवडील नागपूरला राहत. १९८१ मध्ये कमिशन घेऊन २००३ मध्ये, म्हणजे वीस वर्षे पुरी करून ते बाहेर पडले होते. सप्टेंबर २०२१ च्या तपास अहवालाने प्रमाणित कार्यपद्धती पाळली न जाणे हे संभाव्य कारण नोंदवले, कंपनीच्या व्यवस्थेतले दोषही नोंदवले आणि कॉकपिटमधल्या वरिष्ठ-कनिष्ठ अंतरावरही बोट ठेवले. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती, परंतु नियंत्रण हाती घेतले नाही. गेलेल्या माणसांचा दोष काढण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. परंतु उतरंड माणसाचा आवाज कसा दाबते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. वर्दीबरोबर हुद्द्याचा ताठाही उतरवून ठेवता येत नसेल, तर बाहेर पडण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.

आता काही जण म्हणतील, सरकारने कोट्यवधी खर्चून वैमानिक घडवायचा आणि त्याने खासगी कंपनीचा पगार घ्यायचा, ही कृतघ्नता नाही का? या प्रश्नाला बाबासाहेबांच्या चरित्रात उत्तर आहे. १९१३ मध्ये परदेशी शिक्षणासाठी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी दहा वर्षे नोकरी करण्याचा करार केला होता. १९१७ मध्ये तो करार पाळायला ते बडोद्याला गेले, लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. यातून आम्ही एवढेच घेतो, की दिलेला शब्द पाळायला माणसाने जावे, आणि सेवेच्या ऋणाइतकीच माणसाच्या सन्मानालाही किंमत असावी. ठरलेली मुदत प्रामाणिकपणे भरल्यावर जो कायदेशीर परवानगीने बाहेर पडतो, तो कोणाचा गुन्हेगार नाही.

उलट आम्ही व्यवस्थेलाच प्रश्न विचारतो. खासगी शाळेत वैमानिकाचा परवाना मिळवायला पन्नास लाखांच्या पुढे खर्च येतो. तो कोणाचा बाप भरू शकतो? एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे राखीव जागा होत्या. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली आणि तो रस्ताही बंद झाला. हवाई दलात आरक्षण नाही, परंतु फीसुद्धा नाही. गरिबाच्या लेकराला फी न भरता वैमानिक करणारे हे मोठे दार आहे. म्हणून आपल्या मुलांचा रस्ता लांबचा आहे, वर्दीतून जाणारा आहे, आणि या रस्त्यावर एक वर्ष चुकले तर ते भरून काढायला मागे कोणाची इस्टेट नाही. बेलोऱ्याची शाळा सरकारी कंपनीच्या जागेवर होत असेल, तर तिथे अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मुलामुलींसाठी शुल्कमाफीच्या जागा मागणे हे आपले काम आहे. आणि बारावीच्या मुलाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा, तिच्या तयारीसाठी राज्य सरकारची औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आणि २०२२ पासून मुलींसाठीही उघडलेले प्रबोधिनीचे दार, हे सांगणे हेसुद्धा आपलेच काम आहे.

सुभेदारसाहेबांच्या मुलाला आम्ही फोनवर उपदेश केला नाही. एका कागदावर दोन रकाने लिहून पाठवले. एका बाजूला आज सोडले तर काय, दुसऱ्या बाजूला वीस पुरी केली तर काय. तीन वर्षांची ज्येष्ठता एकीकडे आणि आयुष्यभराचे निवृत्तिवेतन, पुढे पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन दुसरीकडे. चार दिवसांनी त्याचा फोन आला. नागरी परवान्याच्या परीक्षा तो या तीन वर्षांतच देणार आहे, अर्जाची तारीख त्याने पुढे नेली आहे. बाहेर पडायचे हे मात्र पक्के.

बापाला हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या मग. त्याच्या मर्जीनं जाऊन राह्यला नं, बस झालं."

आपल्या मर्जीने आणि आपल्या हिशोबाने नोकरी सोडणारा तो त्यांच्या घरातला पहिला माणूस असेल. समाजबांधवांनो, आपल्या प्रत्येक घरात असा माणूस निर्माण होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सही करण्यापूर्वी कागद नीट वाचा!