हस्तलिखितांच्या छायाचित्रांतील रंग आणि त्यांचें प्रमाण

पोथ्या, बखरी आणि दप्तरांतील सुटे कागद यांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत साठविण्याची चाल आतां सर्वत्र रूढ झाली आहे. मूळ पोथी मालकाच्या घरीं राहते, संशोधकाच्या हातीं तिची प्रतिमा येते, आणि पाठनिर्णय, हस्ताक्षरांची तुलना, शाईचा विचार हीं सर्व कामें त्या प्रतिमेवरूनच चालतात. अक्षरवाचनापुरतें यांत फारसें बिघडत नाहीं. परंतु रंगावरून कांहीं अनुमान काढावयाचें झालें म्हणजे प्रतिमेंतील रंग पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा, हा प्रश्न उपस्थित होतो. आणि त्याचें उत्तर प्रतिमेस जोडलेल्या प्रोफाइलवर व ती ज्या मॉनिटरवर पाहावयाची त्यावर अवलंबून असतें. या विषयांत आमच्या हातून एक चूक घडली, तीच प्रथम सांगतों.

एका संग्राहक मित्रानें आपल्या जवळील एका पोथीच्या कांहीं पानांच्या प्रतिमा आम्हांकडे पाठविल्या होत्या. त्यांतील एका पानावरील एक ओळ इतर प्रतींहून भिन्न पाठ देत होती. आम्हीं ती मोठी करून पाहिली. कागद सर्वत्र सारखा पिवळट, शाई सारखी काळी, खाडाखोड कोठें नाहीं. यावरून हा पाठ मूळ लेखकाचाच, असें आम्हीं मित्रास कळविलें व त्यावर एक टिपणहि लिहून ठेविलें. पुढें पोथी प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला, तेव्हां त्या ओळीच्या मध्यभागीं चार अक्षरांएवढ्या जागेवर हरताळाचा पट्टा स्वच्छ दिसला, आणि त्यावर किंचित् तपकिरी शाईनें नवीं अक्षरें घातलेलीं आढळलीं. अर्थात् पाठ मागाहून बदललेला! टिपण फाडून टाकावें लागलें. हरताळ ज्या कामासाठीं लावतात तें काम त्यानें आमच्यापुरतें अधिकच चोख बजावलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दोष कोठें झाला याचा शोध करतां असें दिसून आलें कीं, मूळ छायाचित्र यथायोग्य घेतलेलें होतें. परंतु पाठविण्यासाठीं तें लहान करतांना त्यास जोडलेलें प्रोफाइल गळून पडलें. त्यामुळें आमच्या संगणकानें त्यांतील आंकड्यांचा भलताच अर्थ लावला व पिवळा रंग फिकटला. शिवाय आम्ही काम करीत होतों रात्रीं, आणि डोळ्यांस त्रास होऊं नये म्हणून पडदा पिवळट करणारी 'नाइट लाइट'ची सोय त्या वेळीं चालू होती. पिवळ्या पडद्यावर फिकटलेला पिवळा रंग शोधीत बसल्यास तो सांपडावा कसा?

येथें मूळ गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे ती ही कीं, संगणकांत रंग साठविलेले नसतात, आंकडे साठविलेले असतात. प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा या तिहींचा एकेक आंकडा, बहुधा ० पासून २५५ पर्यंत, दिलेला असतो. पण २५५ तांबडा म्हणजे नेमका कोणता तांबडा, हें तो आंकडा सांगत नाहीं. ज्यांस शक, संवत्, सुहूर आणि फसली यांशीं रोजचा व्यवहार आहे त्यांस हें समजावयास अवघड पडूं नये. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ मध्यें झाला. नक्कल करणाऱ्यानें 'शके' हा शब्द गाळून केवळ १५९६ उतरून घेतले आणि वाचणाऱ्यानें तो इसवी सन समजला, तर ७८ वर्षांची चूक झाली; आंकड्यांत मात्र तिळमात्र फरक नाहीं. प्रोफाइल म्हणजे आंकड्यामागील हा 'शके' शब्द होय. कोणत्या आंकड्यानें कोणता रंग समजावयाचा, याचें कोष्टक त्यांत असतें.

हीं कोष्टकें एकमेकांशीं ताडून पाहण्यास कांहीं सामाइक मोजमाप लागतें. तें १९३१ सालीं प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय मंडळानें, म्हणजे सीआयईनें, मनुष्याच्या सामान्य दृष्टीवरून ठरवून दिलें. त्या पायावर निरनिराळ्या यंत्रांचीं प्रोफाइलें एकाच पद्धतीनें लिहिलीं जावीं म्हणून १९९३ सालीं आयसीसी ही संस्था निघाली. आज जीं दोन नांवें संग्राहकांच्या वारंवार कानीं पडतात त्यांपैकीं एसआरजीबी हें १९९६ सालीं पुढें आलें व १९९९ मध्यें प्रमाण म्हणून मान्य झालें. सामान्य पडदे व महाजाल यांवर तेंच गृहीत धरतात. दुसरें ॲडोबी आरजीबी. याचा आवाका, विशेषतः हिरव्या व निळसर हिरव्या रंगांकडे, अधिक मोठा आहे.

या दुसऱ्याच्या जन्माची हकीकत पोथ्यांच्या अभ्यासकांस गोड वाटेल म्हणून थोडें विषयांतर करितों. फोटोशॉपच्या कर्त्यांनीं दूरचित्रवाणीच्या एका प्रमाणलेखांतून त्याचे आंकडे उतरून घेतले. ते त्या प्रमाणाचे प्रत्यक्ष आंकडे नसून परिशिष्टांत आदर्श म्हणून दिलेले होते, आणि त्यांतहि तांबड्याचा आंकडा उतरतांना चूक झाली. ही गोष्ट उघड झाली तोंवर छपाईचें काम करणाऱ्यांस तो आवाका पसंत पडून चुकला होता. तेव्हां आंकडे तेच ठेवून नांव तेवढें बदलण्यांत आलें: ॲडोबी आरजीबी (१९९८). लेखकप्रमादानें जन्मलेला पाठ पुढें प्रमाणपाठ होऊन बसल्याचीं उदाहरणें आपल्याकडे थोडीं नाहींत. त्यांत या एकाची भर घालावी.

दोहोंतील भेद एका उदाहरणानें स्पष्ट होईल. एसआरजीबीमधील पूर्ण तांबडा २५५, ०, ० असा लिहितात. तोच रंग ॲडोबी आरजीबीत २१९, ०, ० होतो. आतां प्रोफाइल हरवून हे २१९ एसआरजीबीचे म्हणून दाखविले गेले, तर हिंगुळाची रेघ मंद दिसूं लागते. उलट प्रकारें चूक झाल्यास मळकट तांबडाहि ताज्या हिंगुळासारखा झळकतो. दोन्ही ठिकाणीं डोळा आपणांस फसवीत नाहीं, नक्कलनवीस फसवितो.

छायाचित्रें सुधारण्याच्या बहुतेक साधनांत, मग तें फोटोशॉप असो वा विनामूल्य मिळणारें गिंप असो, प्रोफाइलसंबंधीं दोन निरनिराळ्या आज्ञा असतात: 'असाइन' व 'कन्व्हर्ट'. यांची गल्लत हेंच निम्म्याहून अधिक घोटाळ्यांचें मूळ आहे. 'असाइन' आंकडे तसेच ठेवून मागील शब्द तेवढा बदलते. शके १५९६ चे इसवी सन १५९६ करते. 'कन्व्हर्ट' काळ तोच ठेवून आंकडा बदलते. शके १५९६ चे इसवी सन १६७४ करते. प्रोफाइल हरवलेल्या प्रतिमेस तें मूळचें कोणतें होतें हें निश्चित ठाऊक असेल, तरच पहिली आज्ञा वापरावी. महाजालावर देण्यासाठीं किंवा मित्रास पाठविण्यासाठीं प्रत करावयाची असेल तर दुसरी वापरून एसआरजीबी करावें, आणि साठवितांना प्रोफाइल सोबत जोडण्याची खूण कायम आहे कीं नाहीं तें पाहावें. मूळ फाइलवर मात्र हे प्रयोग करूं नयेत. मोठ्या आवाक्याचा रंग लहानांत बसविला म्हणजे जें बाहेर राहिलें तें परत मिळत नाहीं.

आतां मॉनिटरचें प्रोफाइल. हें प्रतिमेच्या प्रोफाइलहून सर्वस्वी निराळें आहे, आणि तरीहि अनेक जाणत्यांकडूनहि त्यांची सरमिसळ होते. याला ऐतिहासिक कारण आहे. फोटोशॉपच्या आरंभींच्या आवृत्त्यांत प्रतिमेचे आंकडे म्हणजे जणूं त्या मॉनिटरचेच आंकडे, असें धरून काम चाले. १९९८ सालच्या पांचव्या आवृत्तीपासून हीं दोन वेगळीं करण्यांत आलीं. मॉनिटरचें प्रोफाइल तुमच्या टेबलावरील त्या एका पडद्याचा स्वभाव सांगतें. साधन प्रथम प्रतिमेच्या प्रोफाइलवरून खरा रंग कोणता तें ठरवितें, नंतर मॉनिटरच्या प्रोफाइलवरून तो रंग या पडद्यावर उमटविण्यास कोणते आंकडे द्यावयाचे तें काढतें. प्रतिमा स्वतः बदलत नाहीं. मॉनिटरचें प्रोफाइल हा वाचणाऱ्याचा चष्मा होय. तो पोथीस बांधून ठेवूं नये. म्हणून तें संगणकाच्या मूळ प्रणालींत, म्हणजे विंडोज किंवा मॅक यांच्या रंगविषयक व्यवस्थेंत, नेमावें. छायाचित्राच्या साधनांत कामाचा आवाका म्हणून तें निवडल्यास, किंवा प्रतिमेस असाइन केल्यास, ती प्रतिमा एका विशिष्ट पडद्याशीं जखडली जाते.

हा चष्मा डोळ्यांच्या अंदाजानें तयार करतां येत नाहीं. पडद्यावर टेकवून ठेवावयाचें एक लहान मापकयंत्र मिळतें. पडद्यावर एकामागून एक ज्ञात रंग दाखविले जातात, यंत्र ते मोजतें, आणि फरकावरून प्रोफाइल तयार होतें. शुभ्र रंग ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड दर चौरस मीटरास ८० ते १२० कँडेला, हीं मापें सामान्यतः योग्य ठरतात. दुकानांतून आणलेला नवा मॉनिटर बहुधा याहून पुष्कळ प्रखर असतो, व त्यावर जुना कागद हटकून नवा वाटतो. पडद्याचा स्वभाव कालांतरानें पालटतो, यासाठीं महिन्या दीड महिन्यानें माप पुन्हां घ्यावें. नाइट लाइट बंद ठेवण्याविषयीं आम्हीं निराळें सांगावें असें उरलें नाहीं.

एवढें सर्व केल्यावरहि एक मर्यादा राहतेच. कागदावर 'शके' शब्द आहे एवढ्यावरून त्यावरील मिति खरी ठरत नाहीं; तद्वत् प्रोफाइल आहे एवढ्यावरून रंग खरा ठरत नाहीं. दिव्याचा उजेड पिवळा असेल व कॅमेऱ्यांत त्याची दुरुस्ती झाली नसेल, तर प्रोफाइल तो पिवळेपणा इमानानें पुढें पोहोंचवील, इतकेंच. म्हणून पानाशेजारीं २४ रंगांची प्रमाणपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें; निदान प्रत्येक बैठकीचें पहिलें छायाचित्र तरी तसें असावें. पट्टीवरील करड्या चौकोनांत रंगाची छटा आली असेल, तर त्या प्रतिमेवरून शाईचा विचार करूं नये. काजळाची शाई काळी राहते आणि लोहयुक्त विलायती शाई कालांतरानें तपकिरी पडते, हा भेद कागदाच्या परीक्षेंत आपण नित्य वापरतों. पण तपकिरी छटा दिव्याची कीं शाईची हें पट्टीवांचून कोण सांगणार? शिवाय एकाच प्रतिमेंत दोन शाया भिन्न दिसल्या तर भिन्नत्वाचें अनुमान बरेंचसें टिकतें. सारख्या दिसल्या म्हणून एकच होत, हें अनुमान टिकत नाहीं. भिन्न द्रव्यें एका उजेडांत सारखीं व दुसऱ्यांत निराळीं दिसूं शकतात.

आमच्या मित्राच्या पोथीचीं तीं पानें प्रमाणपट्टीसह पुन्हां छायाचित्रित करण्यांत आलीं आहेत. प्रत्येक प्रतिमेच्या नोंदींत प्रोफाइलचें नांव, दिव्याचा प्रकार, दिनांक व प्रत करतांना केलेलें रूपांतर इतकें लिहिलें आहे. नव्या प्रतिमेंत हरताळाचा पट्टा आमच्या मॉनिटरवरहि दिसतो. जुन्या प्रतिमा नष्ट केल्या नाहींत. त्यांच्या नोंदीपुढें 'प्रोफाइल नाहीं, रंगाविषयीं अग्राह्य' एवढी टीप जोडून त्या तशाच ठेविल्या आहेत.