गाळाच्या खात्यावर जमा

(जगण्याचा जमाखर्च : लेखांक ७)

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. शाळेच्या पुस्तकातली ही अन्नसाखळी सगळ्यांना पाठ असते. दोघांच्या मध्ये एक बाण आणि बाणाशेजारी ‘दहा टक्के’ असा शेरा, म्हणजे एकाकडून पुढच्याकडे पोचणारी ऊर्जा. चित्र चुकीचं नाही, पण ते पाहून वाटतं की जे जे उगवतं ते ते कुणीतरी खातंच. पावसाळ्यानंतर कुठलंही माळरान बघा. नाकतोडे, ससे, गुरं सगळ्यांनी यथेच्छ चरूनही गवत उरतं आणि वाळून आडवं होतं. या न खाल्लेल्याचं पुढे काय होतं?

आकडे मांडून या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांपैकी एक म्हणजे रेमंड लिंडेमन. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर बॉग लेक नावाचा तलाव आहे. तलाव कसला, म्हातारं झालेलं डबकंच. खोली जेमतेम मीटरभर. लिंडेमन आणि त्याची बायको एलेनॉर त्यातून शेवाळ, पाणवनस्पती, किड्यांच्या अळ्या, सूक्ष्म जीव गोळा करत. प्रत्येक जीव किती खातो, किती वाढतो, याचा अंदाज बांधून लिंडेमनने ते सगळं एकाच मापात आणलं : दर चौरस सेंटिमीटरला, वर्षाला, किती कॅलरी.

ती वही अशी होती. वरून येणारा सूर्यप्रकाश १,१८,८७२ कॅलरी. त्यातून वनस्पतींनी पकडल्या फक्त १११, म्हणजे हजारात एक. या १११ पैकी २३ वनस्पतींनी स्वतःच्या श्वसनात जाळल्या. शाकाहारी जिवांच्या वाट्याला आल्या सुमारे १५. सडून विघटन झालं जेमतेम ३ कॅलरींचं. उरलेल्या ७० कॅलरी ना कुणी खाल्ल्या, ना कुजल्या. त्या तळाशी जाऊन बसल्या.

पुढच्या पायरीवरही तेच. शाकाहाऱ्यांच्या १५ मधून मांसाहाऱ्यांकडे गेल्या ३. सात पुन्हा तळाला.

पुस्तकातले दहा टक्के इथे कुठेच नेमके दिसत नाहीत. पहिल्या पायरीला साधारण तेरा टक्के येतात, दुसरीला वीस-एकवीस. ‘दहा’ ही लक्षात ठेवायला सोयीची सरासरी आहे, तिला नियम म्हणू नये. मात्र गळतीची दिशा पक्की आहे. श्वसनात जळलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि ती परत कुणालाच वापरता येत नाही. नत्र, स्फुरद, कर्ब फिरून येतात, ऊर्जा येत नाही. म्हणून साखळी चार-पाच कड्यांच्या पुढे सहसा जात नाही. पुढच्याला पोट भरण्यापुरतं उरतच नाही.

मला लिंडेमनच्या आकड्यांपेक्षाही त्याची आकृती जास्त आवडते. तलावातल्या खाण्याच्या नात्यांचं चित्र काढताना त्याने मधोमध ना मासा ठेवला, ना शेवाळ. मधोमध आहे गाळ. अनेक बाण त्याच्याकडे येतात आणि त्याच्यातून निघतात. ही आकृती ज्यात होती तो लेख छापायला ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाच्या दोन परीक्षकांनी नकार दिला. तक्रार अशी की सिद्धांत फार, पुरावा कमी. येल विद्यापीठातले जी. एव्हलिन हचिन्सन यांनी त्याच्यासाठी रदबदली केली, तेव्हा कुठे संपादक तयार झाले. तो ऑक्टोबर १९४२ च्या अंकात आला. लिंडेमन त्याआधीच जूनमध्ये, यकृताच्या विकाराने, सव्विसाव्या वर्षी वारला होता.

तळाशी साठत जाणाऱ्या त्या ७० कॅलरींनी तलावाचं काय केलं, हे उघड आहे. दरवर्षी न खाल्लेलं थरावर थर बसत गेलं, पाणी उथळ होत गेलं. अशा तलावाची आधी दलदल होते आणि मग जमीन.

आपल्या कोकणातल्या खाड्यांत गाळ असा स्वस्थ बसत नाही. कांदळाचं पान पिवळं होऊन पाण्यात पडतं तेव्हा ते तुरट, चिवट असतं. बहुतेक जीव त्याला तोंड लावत नाहीत. खाऱ्या पाण्यात भिजून तुरटपणा निघून जातो. मग त्यावर बुरशी आणि जिवाणू वस्ती करतात आणि खेकडे त्याचे तुकडे करतात. असा एखादा कण कोळंबी गिळते. पचतो तो त्यावरचा जिवाणूंचा थर. पानाचा कण बराचसा तसाच बाहेर पडतो. त्यावर नवे जिवाणू बसतात आणि तो पुन्हा कुणाच्या तरी तोंडी जातो. फुकट मात्र काही नाही. दर फेरीला जिवाणू आपल्या श्वसनापुरती ऊर्जा जाळतात, आणि पान संपेपर्यंत बहुतेक ऊर्जा त्यांच्याच नावावर खर्ची पडलेली असते.

खाडीतली बोय ही मासळी याच गाळावर जगते. वरचा पातळ थर तोंडात घेते, चाळते, आणि रेतीसकट दळून काढते. त्यासाठी तिच्या जठराचा एक भाग जाड स्नायूंचा असतो. गाळ आणि बोय यांच्यामध्ये फारसं कुणी नाही, म्हणून ती थव्यांनी सापडते. समुद्रात तारलीचं असंच. ती पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते आणि तिचे प्रचंड थवे असतात. सुरमई या तारल्यांवर जगते, म्हणजे आणखी एक पायरी वर. किलोभर सुरमई वाढायला कित्येक किलो छोटी मासळी लागते. बाजारात तारली वाट्यावर मिळते आणि सुरमई तुकड्यावर, यात चवीचा भाग आहेच, पण या गळतीचाही आहे.

कोळंबी हा हिशोब जुमानत नाही. खाते गाळातलं आणि भाव सुरमईच्या पंक्तीतला, कारण परदेशी जाणाऱ्या मासळीत तिला सगळ्यात जास्त मागणी. कांदळाच्या पानावर वस्ती करणाऱ्या बुरशीचं काम मात्र आज घाईत उरकलं. पुढच्या लेखांकात जंगलातल्या पालापाचोळ्याखाली तिच्याकडेच जाऊ.