बंदुकीची साथ : उगम कोण शोधणार?

20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात, नारायण पेठेपासून हाकेच्या अंतरावरील महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या महर्षींच्या नावाचा पूल, आणि त्यावर अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉक्टरचे रक्त! या खुनाची चर्चा गुन्हा म्हणून झाली, राजकारण म्हणूनही झाली. आमच्या मते तो सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे.

एका रोग्यावर न थांबता जो रोग पसरतो, त्याला आपण साथ म्हणतो. 16 फेब्रुवारी 2015 ला कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळीबार झाला. पानसरे चार दिवसांनी गेले. 30 ऑगस्ट 2015 ला धारवाडमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी, 5 सप्टेंबर 2017 ला बंगळूरमध्ये गौरी लंकेश. कलबुर्गी आणि लंकेश यांना मारणारे देशी पिस्तूल एकच होते, असे कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने न्यायवैद्यक अहवालाच्या आधारे सांगितले. शहर नवे, जंतू मात्र तोच!

साथ कशी हटते, हे पुण्याला कोणी शिकवायला नको. 1897 च्या प्लेगात सावित्रीमाईंनी डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने 10 मार्चला त्यांचा बळी घेतला. पण केवळ रोगी उचलून प्लेग आटोक्यात येत नसतो, उंदीर आणि पिसवांपर्यंत जावे लागते, हे पुढे विज्ञानाने दाखवले. दाभोलकर खटल्यात तेच राहून गेले. 10 मे 2024 ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोन मारेकऱ्यांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले, आणि खरे सूत्रधार वेगळेच असून तपास यंत्रणा त्यांच्यापर्यंत पोचली नाही, असे नोंदवले. पिसू सापडली. उंदीर कुठे आहे?

आंबेडकरी समाजाला बंदूक नवी नाही. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि 10 जण मारले गेले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते 2009 साली, तब्बल बारा वर्षांनी. ती बंदूक सरकारी होती, एवढाच फरक.

अमेरिकेत 2022 साली बंदुकीने 48 हजारांवर माणसे मेली. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. जून 2024 मध्ये तिथले सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी हे सार्वजनिक आरोग्याचे संकट असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे मृत्यूंचा आकडा लहान आहे, म्हणून प्रश्न लहान ठरत नाही. इथे गोळी माणूस निवडून झाडली जाते. मरतो एक, आणि हजारोंच्या तोंडाला कुलूप लागते. भीतीची ही साथ कोणत्या तक्त्यात मोजणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवा. देशी पिस्तूल कोणी बनवले, कोणी विकले, कोणी पोचवले, याचा माग काढा. माणूस मारायला शिकवणारी डोकी शोधा. आणि वाचकहो, आपणही एक करावे. विचार मांडणाऱ्याला धमकी आली, तर त्याला एकटे सोडू नये. या साथीवर आपल्या हातातली लस तीच आहे.