मीटर सेतू

विद्युत् रोध मोजण्याचे शालेय व महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील एक साधे उपकरण. हे व्हीट्स्टन सेतूचेच एक रूप होय. चार रोधांच्या या मंडलाचे वर्णन सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये केले. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी ते १८४३ मध्ये प्रचारात आणले व त्याचे श्रेय क्रिस्टी यांना दिले. नाव मात्र व्हीट्स्टन यांचेच रूढ झाले.

लाकडी फळीवर मीटरपट्टीलगत एक मीटर लांबीची, सर्वत्र सारख्या जाडीची मँगॅनीन किंवा कॉन्स्टंटन या मिश्रधातूची तार ताणून बसविलेली असते. तापमान थोडे बदलले, तरी या मिश्रधातूंचा रोध जवळजवळ बदलत नाही. तांब्याच्या जाड पट्ट्यांमधील डाव्या फटीत अज्ञात रोध (क्ष) व उजव्या फटीत रोधपेटी (र) जोडतात. तारेच्या दोन टोकांना विद्युत् घट जोडलेला असतो. गॅल्व्हानोमापकाचे एक टोक मधल्या पट्टीस व दुसरे तारेवर टेकविण्याच्या स्पर्शकास (जॉकीस) जोडतात. ज्या ठिकाणी स्पर्शक टेकविला असता काटा हलत नाही, तो संतुलन बिंदू. डाव्या टोकापासून त्याचे अंतर ल सेंमी. असल्यास क्ष/र = ल/(१००−ल). उदा., र = ४ ओहम व ल = ४० सेंमी. असल्यास क्ष सु. २·६७ ओहम येतो.

या सूत्रात घटाच्या विद्युत् दाबाला स्थानच नाही. त्यामुळे प्रयोग चालू असता घट काहीसा क्षीण झाला, तरी उत्तर बिघडत नाही. अँपिअरमापक व व्होल्टमापक वापरून ओहम यांच्या नियमाने रोध काढताना व्होल्टमापक स्वतःच थोडा प्रवाह घेतो. येथे संतुलनाच्या वेळी गॅल्व्हानोमापकातून प्रवाह जातच नाही, मग त्याचे अंशांकन अचूक असण्याचीही गरज उरत नाही.

संतुलन बिंदू तारेच्या मध्याजवळ यावा, अशा बेताने र निवडतात. वाचनात १ मिमी. चूक झाली, तर ५० सेंमी.पाशी उत्तरात ०·४ टक्के, पण १० सेंमी.पाशी सु. १·१ टक्के चूक येते. स्पर्शक तारेवर घासत नेल्यास तार झिजून तिची जाडी असमान होते. अनेक विद्यार्थ्यांच्या हाताखालून गेलेल्या सेतूंत हा दोष हटकून आढळतो. तारेच्या टोकांशी असलेल्या जोडांचा रोधही सूत्रात धरलेला नसतो. दोन फटींतील रोधांची अदलाबदल करून सरासरी घेतल्यास दोन टोकांमधील असमानतेचा परिणाम बराचसा निघून जातो.

मोजलेल्या रोधावरून तारेच्या द्रव्याची रोधकता काढताना व्यासाचा वर्ग घ्यावा लागतो. ०·४० मिमी. व्यास मोजताना सूक्ष्ममापीत (स्क्रू गेजमध्ये) ०·०१ मिमी. चूक झाली, तर रोधकतेत सु. ५ टक्के चूक येते. सेतूवर घेतलेले सारे कष्ट त्यापुढे व्यर्थ ठरतात. म्हणून व्यास अनेक ठिकाणी व परस्परलंब दिशांनी मोजतात.

जवळजवळ सारख्या असलेल्या दोन रोधांतील सूक्ष्म फरक मोजण्यासाठी १८७२ मध्ये केरी फॉस्टर यांनी याच सेतूत सुधारणा केली. तीत टोकांचे रोध गणितातून आपोआप वगळले जातात.